परस्परविरोधी साक्षी: युद्धाच्या आठवणी आणि अनुबोधपट

१८५७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात इंग्रजांच्या माळवा फील्ड फोर्सने धारच्या किल्ल्याला वेढा दिला. किल्ल्यात विलायती, मकराणी, रोहिले अशी भाडोत्री शिबंदी होती. धारचे राजे यशवंतराव पवार त्याच वर्षीच्या मे महिन्यात वारले होते आणि त्यांच्यामागे गादीवर आलेले आनंदराव अजून वयातही आले नव्हते. आठवडाभराच्या तोफांच्या माऱ्याने तटाला खिंडार पडले, आणि महिनाअखेरच्या रात्री आतील लोक इंग्रजांना चुकवून निघून गेले. फौज किल्ल्यात शिरली तेव्हा तिला खजिना सापडला, पण लढणारे सापडले नाहीत. संस्थान जप्त झाले आणि १८६० साली, बेरसिया परगणा वगळून, पवारांना परत मिळाले.

एवढी हकीकत गॅझेटिअरात मिळते. परंतु जे तेथे होते त्यांनी काय पाहिले, असे विचारू लागलो की तराजूचे एकच पारडे भरलेले दिसते. वेढा घालणाऱ्या फौजेत थॉमस लो नावाचा मद्रास सॅपर्स अँड मायनर्स पलटणीचा डॉक्टर होता. मध्य हिंदुस्थानातील या मोहिमेवरचे त्याचे पुस्तक १८६० साली प्रसिद्ध झाले. तटाबाहेरच्या माणसाची आठवण अशी छापली जाऊन टिकली. तटाच्या आतल्यांची तशी ग्रंथरूपाने आपल्यापुढे नाही. उद्या कोणी धारच्या वेढ्यावर अनुबोधपट काढायचे मनात आणले, तर तो कोणाच्या तोंडून ती कथा वदवील?

हा प्रश्न आम्ही केवळ कुतूहलापोटी विचारीत नाही. अनुबोधपट, ज्याला माहितीपट असेही म्हणतात, तो काढणे एके काळी स्टुडिओवाल्यांचे आणि सरकारचे काम होते. आज धार, कुक्षी, डही या भागात फिरणाऱ्या धर्मशिक्षकाच्या खिशातही चित्रण करणारे यंत्र असते. वृद्धांच्या आठवणी टिपून ठेवाव्यात अशी इच्छा त्याला होणे स्वाभाविक आहे, आणि ती इच्छा चांगली आहे. पण त्या आठवणी युद्धाच्या, बंडाच्या, दंगलीच्या असल्या आणि एकाच गावातील दोन माणसे एकमेकांच्या उलट सांगू लागली, म्हणजे त्याने काय करावे? वरवर हा विषय चित्रपटकलेचा वाटतो, परंतु मुळात तो साक्षीचा आहे. ग्रीक भाषेत साक्षीदार आणि रक्तसाक्षी यांना एकच शब्द आहे, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

युद्धावरील अनुबोधपटांची जुनी रीत अगदी सरळ होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, हिंदुस्थान सरकारने इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही संस्था काढली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. मुख्य चित्रपटापूर्वी चित्रपटगृहात हे अनुबोधपट दाखवावेच लागत. पडद्यावर सैनिक चालत, रणगाडे सरकत, आणि न दिसणारा निवेदक भरदार आवाजात सर्व काही समजावून सांगे. तो चेहरा नसलेला आवाज कोठे होता, त्याने काय पाहिले होते, हे कोणी विचारीत नसे. सैनिकाला तोंड होते, पण शब्द निवेदकाचे असत. ही रीत केवळ आपल्याकडची नव्हे; सर्वच देशांत युद्धकाळी असेच चाले, आणि युद्धकाळी ते समजण्यासारखेही आहे. मात्र युद्ध संपल्यावरही तोच आवाज बोलत राहिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या रीतीला पहिला मोठा छेद फ्रान्समधील मार्सेल ओफ्युल्स यांनी दिला. 'द सॉरो अँड द पिटी' या इंग्रजी नावाने ओळखला जाणारा त्यांचा चार तासांहून मोठा अनुबोधपट १९६९ साली तयार झाला. क्लेर्माँ-फेराँ नावाचे एक गाव त्यांनी निवडले आणि जर्मन अमलाच्या काळात तेथे कोण कसे वागले हे ज्याच्या त्याच्या तोंडून वदवून घेतले. त्यात एक जर्मन अधिकारी आहे. घरच्या लग्नसमारंभात छातीवर पदके लावून बसलेला हा गृहस्थ त्या दिवसांविषयी मोठ्या समाधानाने बोलतो. एक सरदारपुत्र आहे, जो फ्रेंच असूनही जर्मनांच्या पलटणीत भरती झाला होता. एक दुकानदार आहे. आडनावामुळे लोकांनी आपल्याला यहुदी समजू नये म्हणून त्याने त्या काळी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. शाळेतील दोन वृद्ध शिक्षकांना आपल्या नाहीशा झालेल्या सहकाऱ्यांबद्दल आणि विद्यार्थ्यांबद्दल फारसे काही आठवत नाही. आणि एक शेतकरी आहे. शेजाऱ्याने चुगली केल्यामुळे तो पकडला गेला आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत पोहोचला. चुगली कोणी केली हे त्याला ठाऊक आहे. परत आल्यावर त्याने सूड घेतला नाही. तो हे सांगतो तेव्हा आवाज चढवीत नाही, आणि क्षमेचा उच्चारही करीत नाही. क्षमेवर प्रवचन करणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्याचे ते साधे बोलणे ऐकण्यासारखे आहे.

फ्रान्सच्या सरकारी दूरचित्रवाणीने हा अनुबोधपट १९८१ सालापर्यंत दाखविला नाही. विरोध करणारे सगळेच काही लपवू पाहणारे होते असे मात्र नव्हे. दूरचित्रवाणीच्या नियामक मंडळावरील सिमोन व्हेल या स्वतः आउश्वित्झमधून वाचलेल्या. त्यांचाही या चित्रपटाला आक्षेप होता. एका गावावरून सर्व फ्रेंच भ्याड ठरतात आणि ज्यांनी जीव धोक्यात घालून यहुद्यांना लपविले त्यांच्यावर अन्याय होतो, असे त्यांचे म्हणणे होते. परस्परविरोधी आठवणी दाखविणारा चित्रपटही शेवटी निवडच करतो, आणि त्या निवडीविरुद्ध पीडित माणूससुद्धा उभा राहू शकतो, हे यावरून दिसते. आमच्या मते या चित्रपटाचे मोल कमी होत नाही, पण त्याला निःपक्षपाती म्हणण्याची घाई करू नये.

दुसरा मोठा चित्रपट क्लोद लान्झमान यांचा 'शोआ', १९८५ सालचा, नऊ तासांहून अधिक लांबीचा. यहुद्यांच्या संहाराविषयीच्या या चित्रपटात जुनी चित्रफीत एकही नाही. आहेत ती फक्त बोलणारी माणसे आणि आज गवत उगवलेल्या जागा. त्यातील एका प्रसंगापाशी प्रत्येक धर्मगुरूने थांबले पाहिजे, म्हणून आम्हीही येथे जरा थांबतो.

पोलंडमधील खेल्मनो या खेड्यात नाझींचे संहारकेंद्र होते. तेथून जिवंत सुटलेल्या मोजक्या लोकांत सिमोन स्रेब्निक हा एक. त्या वेळी तो तेरा वर्षांचा मुलगा होता. आवाज गोड म्हणून जर्मन सैनिक नदीतून जाता-येता त्याला गाणी म्हणायला लावीत. लान्झमान त्याला प्रौढ वयात त्या गावी परत नेतात आणि चर्चच्या दारात उभा करतात. दिवस पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाचा आहे. आत मिस्सा चालू आहे, लोक बाहेर येतात, स्रेब्निकला ओळखतात, त्याच्याभोवती जमतात. त्याला पाहून त्यांना आनंद झाला आहे, आणि तो आनंद खोटा नाही. हेच ते चर्च, जेथे यहुद्यांना कोंडून ठेवीत आणि जेथून बंद गाड्यांत घालून विषारी वायूने मारण्यासाठी नेत. गावकरी त्याच्या देखत आठवणी सांगू लागतात: किंकाळ्या कशा ऐकू येत, सामान किती होते. मग असे का झाले, हा प्रश्न येतो. चर्चमध्ये ऑर्गन वाजविणारा गृहस्थ पुढे होतो आणि ऐकीव गोष्ट सांगतो: म्हणे एका रब्बीनेच मरणापूर्वी आपल्या लोकांना सांगितले की, ख्रिस्ताला मारल्याचे हे फळ आहे. एक बाई पिलाताने हात धुतल्याची आठवण करून देते. मत्तयाच्या २७ व्या अध्यायातील रक्ताविषयीचे ते वचन अशा रीतीने चर्चच्या दारात पुन्हा उभे राहते. स्रेब्निक मध्ये उभा आहे. तो काही बोलत नाही. किंचित हसल्यासारखा चेहरा करून राहतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नॉस्त्रा एताते' या जाहीरनाम्यात यहुद्यांवरील हा सामुदायिक दोषारोप १९६५ सालीच नाकारला होता. म्हणजे शिकवण बदलली होती, पण दारातल्या माणसांची आठवण बदलली नव्हती. ती आठवण त्यांना कोठून मिळाली? अनेक पिढ्यांच्या पुण्य शुक्रवारच्या प्रवचनांतून. युद्धाची म्हणून जी आठवण लोक सांगतात, तिच्यात प्रवचनकाराने घातलेले शब्द मिसळलेले असतात. गावकऱ्यांनी किंकाळ्या ऐकल्या ही साक्ष आहे. त्यांचा अर्थ त्यांनी जो लावला तो आमच्यापैकी कोणाचा तरी आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांबद्दल परमेश्वराची क्षमा मागितली, आणि त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचे 'स्मृती आणि समेट' या विषयावरील निवेदन प्रसिद्ध झाले. त्यात 'स्मृतिशुद्धी' ही कल्पना आहे. शब्द सुंदर आहे, तथापि तो सावधपणे वापरावा. स्मृती शुद्ध करायची म्हणजे तिच्यातील द्वेष धुवायचा. घडलेले धुवायचे नव्हे. ही शुद्धी आधी आपल्या स्मृतीची करायची असते, शेजाऱ्याच्या नव्हे.

लान्झमान यांच्या रीतीतील एक गोष्ट मात्र आम्हांस मान्य नाही. एका माजी नाझी अधिकाऱ्याला त्यांनी नाव गुप्त ठेवण्याचे वचन दिले आणि छुप्या कॅमेऱ्याने त्याचे चित्रण केले. त्या माणसाविषयी सहानुभूती वाटण्याचे कारण नाही, आणि मिळालेली माहिती मोलाची होती, हेही खरे. परंतु ज्याच्या शब्दावर विसंबून लोक मन मोकळे करतात, त्याला हा मार्ग खुला नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९९८ च्या मे महिन्यात भारताने पोखरण येथे आणि पाकिस्तानाने चगाई येथे अणुस्फोट केले. त्यानंतर मुंबईचे आनंद पटवर्धन यांनी 'जंग और अमन' हा अनुबोधपट केला. तो २००२ साली पूर्ण झाला. पोखरणजवळच्या खेतोलाई गावचे लोक, स्फोटांचा जल्लोष करणारे लोक, सीमेपलीकडील पाकिस्तानी नागरिक, आणि हिरोशिमा-नागासाकीचे बाँबग्रस्त असे सारे त्यात बोलतात. परिनिरीक्षण मंडळाने त्यात अनेक काटछाटी सुचविल्या; पटवर्धन न्यायालयात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने २००३ साली तो विनाकाटछाट दाखविण्याची वाट मोकळी झाली. पटवर्धन स्वतःचे मत लपवीत नाहीत. ते युद्धाच्या आणि बाँबच्या विरुद्ध आहेत, आणि निवेदन त्यांच्याच आवाजात आहे. आम्हांस हा दोष वाटत नाही. निवेदक कोण हे ठाऊक असले की त्याचे बोलणे पारखून घेता येते.

या चित्रपटाचा शेवटचा मोठा भाग अमेरिकेतील आहे, आणि परस्परविरोधी आठवणींचे त्याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस माहीत नाही. हिरोशिमावर बाँब टाकणारे 'एनोला गे' हे विमान वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात १९९५ साली, घटनेच्या पन्नासाव्या वर्षी, मांडायचे ठरले होते. संग्रहालयाच्या अभ्यासकांनी विमानाबरोबर जमिनीवर काय झाले तेही दाखविण्याची योजना केली. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या. त्यांची आठवण वेगळी होती: जपानच्या किनाऱ्यावर उतरून मरण्याची वेळ आपल्यावर येणार होती, ती त्या बाँबमुळे टळली, अशी. ती मूळ योजना रद्द झाली, संग्रहालयाच्या संचालकांनी राजीनामा दिला, आणि विमानाचा पुढचा भाग बहुतांशी एकटाच मांडला गेला. घरी परतलेल्या सैनिकाची सुटकेची भावना खरी होती. हिरोशिमात जळालेल्या मुलाचा जेवणाचा डबाही खरा होता. एकाच दालनात दोन्ही मावली नाहीत.

नागासाकीच्या बाबतीत तर हा विरोध ख्रिस्तसभेच्या आतच आहे. तेथील उराकामी भागातील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० जण ९ ऑगस्ट १९४५ च्या बाँबने मेले, असे मानले जाते. कॅथलिक डॉक्टर ताकाशी नागाई यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, उद्ध्वस्त महामंदिराजवळ मृतांसाठी झालेल्या मिस्सेच्या वेळी, या मृत्यूंना होमार्पण म्हटले. अनेक शोकाकुल कुटुंबांना त्याने धीर आला. इतर बाँबग्रस्तांना मात्र त्या शब्दाचा राग आला, कारण होमार्पण म्हटले की मारणारा दिसेनासा होतो. दुसऱ्या बाजूला, बाँब टाकणाऱ्या हवाई तुकडीचे कॅथलिक चॅप्लेन जॉर्ज झाबेल्का होते. नागरिकांच्या हत्येविरुद्ध आपण त्या वेळी एक शब्दही बोललो नाही, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आणि उरलेले आयुष्य शांतिकार्याला दिले. तिनियन बेटावरचा धर्मगुरू आणि उराकामीचा डॉक्टर एकाच वेदीभोवतीचे. पोप दुसरे जॉन पॉल २५ फेब्रुवारी १९८१ रोजी हिरोशिमात बोलले तेव्हा त्यांनी युद्ध हे माणसाचे कृत्य असल्याचे ठासून सांगितले, यामागे हा संदर्भही होता असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्रातील उदाहरण द्यायचे तर कोरेगावचे द्यावे लागेल. सोमनाथ वाघमारे यांचा भीमा कोरेगावच्या लढाईवरील अनुबोधपट २०१७ साली आला. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या आठशेच्या आसपास माणसांनी पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेशी दिवसभर झुंज दिली. तेथील विजयस्तंभावर ४९ नावे आहेत. त्यांतील २२ महार सैनिकांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले. तेव्हापासून त्या स्तंभापुढे जमणाऱ्या लाखोंची आठवण ही लढाई इंग्रजांची म्हणून नव्हे, तर ज्यांना गावात सावली पाडण्याचीही चोरी होती त्यांच्या शौर्याची म्हणून जपते. दुसरी आठवण स्वराज्य बुडाल्याची आहे. लढाई दुरून पाहणारा दुसरा बाजीराव जन्मला होता तो याच धारच्या किल्ल्यात, १७७५ साली. दोनशे वर्षांनंतर, १ जानेवारी २०१८ रोजी, कोरेगाव परिसरात हिंसाचार होऊन एकाचा प्राण गेला. लढाईत असलेला कोणीही जिवंत नसताना आठवण माणूस मारू शकते, हे येथे विसरता येत नाही. आमच्या मंडळ्यांतील अनेक कुटुंबे या पहिल्या आठवणीची वारस आहेत, आणि काही दुसरीचीही. कोरेगावविषयी धर्मगुरूने मौन पाळणे म्हणजे मध्यस्थी नव्हे.

परस्परविरोधी साक्षी एकत्र ठेवण्याचा ख्रिस्तसभेचा स्वतःचा एक जुना अनुभव आहे. दुसऱ्या शतकात, इ. स. १७० च्या सुमारास, तातियान या लेखकाने चारही शुभवर्तमाने विणून एकच सलग कथा तयार केली. तिला 'दियातेस्सारोन' म्हणतात. पुनरुक्ती नाही, विसंगती नाही, वाचायला सोयीची. सिरियाक ख्रिस्ती मंडळ्यांनी ती दोन-अडीचशे वर्षे उपासनेत वापरली. पाचव्या शतकात एडेसाचे बिशप राब्बुला यांनी तिच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने आणली, आणि कुऱ्हसचे बिशप थिओडोरेट यांनी आपल्या धर्मप्रांतातून तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला सारल्या. कबरीपाशी किती स्त्रिया गेल्या, किती देवदूत दिसले, हे चौघे सारखे सांगत नाहीत, आणि ख्रिस्तसभेने ते तसेच राहू दिले. संत ऑगस्टीन यांनी या भेदांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी मेळ घालण्याचा प्रयत्न केला, पण चारांचे एक केले नाही.

हा दाखला अनुबोधपटाला जसाच्या तसा लावता येत नाही. चारही सुवार्तिक एकाच प्रभूवर प्रीती करीत होते. एनोला गेचा वैमानिक आणि हिरोशिमाची आई यांच्यामध्ये तसा कोणी नाही. शिवाय चार साक्षी ठेवल्या याचा अर्थ हाती येईल ती साक्ष स्वीकारली असा होत नाही. पेत्राच्या नावाचे, थोमाच्या नावाचे लेख प्रचारात होते, त्यांना बाहेर ठेवले. म्हणजे दोन कामे आहेत: साक्ष सपाट करायची नाही, आणि साक्ष तपासल्याशिवाय राहायचे नाही. अनुबोधपट काढणाऱ्यांपैकी पुष्कळ जण यांतले एकच करतात.

तपासायची म्हणजे कशी, याचा उत्तम धडा मराठीत आहे. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले, माळव्यातून पुढे गेले, बंडात सापडले आणि झाशीच्या वेढ्यात शहरात अडकले. परत आल्यावर कितीतरी वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला. वैद्यांनी संपादिलेली आवृत्ती १९०७ साली निघाली, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. गोडसे भटजी बंडाचे कारण सांगताना राजेरजवाड्यांना इंग्रजांनी चौऱ्याऐंशी कलमे वाचून दाखविल्याची कथा देतात. ती ऐकीव आहे आणि इतिहास म्हणून टिकत नाही. परंतु ३ एप्रिल १८५८ नंतर झाशीत जी कत्तल झाली, घरे कशी लुटली गेली, आधी सोने-रुपे, मग तांबे-पितळ, मग कपडे व धान्य, हे ते सांगतात तेव्हा ते लपून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी सांगतात, आणि तेथे त्यांना खोटे म्हणता येत नाही. एकाच तोंडातून ऐकीव आणि पाहिलेले दोन्ही येते.

त्याच झाशीत, तटाच्या दुसऱ्या बाजूला, आमचा पूर्वोक्त डॉक्टर लो होता. इंग्रज आत्मकथनकारांच्या मनात जोखनबाग होती: ८ जून १८५७ रोजी तेथे साठएक युरोपीय, स्त्रिया आणि मुले धरून, मारली गेली होती. ती मारली गेली हे खरेच आहे, आणि ती ख्रिस्ती होती म्हणून तरी आपल्याला विसरता येण्यासारखी नाहीत. पण तिच्या आठवणीवर एप्रिलमधील कत्तलीचे समर्थन उभारले गेले. दोन आठवणी एकमेकींना खोट्या ठरवीत नाहीत. एक आठवण दुसरीचे निमित्त म्हणून वापरली गेली, हा त्यांच्यातला संबंध आहे, आणि चांगल्या अनुबोधपटाने दाखवायचा तो हाच. भटजी आणि डॉक्टर यांची पाने आळीपाळीने वाचून दाखवावीत, तारखा पडद्यावर याव्यात, निवेदकाने फार बोलू नये.

धार जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला, कुक्षीच्या पलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात डही आहे. तेथे भटजीही नाही, डॉक्टरही नाही. तेथील लोकांची स्मृती लिहिलेली नाही, सांगितलेली आहे. या टापूत १८५७ च्या जुलैत अमझेऱ्याच्या शिबंदीने भोपावरच्या इंग्रज एजन्सीवर हल्ला केला. एजंट कॅप्टन हचिन्सन कुटुंबासह झाबुआकडे पळाला आणि तेथील राजघराण्याने त्याला आश्रय दिला. अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फाशी दिले गेले आणि त्यांचे राज्य शिंद्यांकडे गेले. आज ते हुतात्मा म्हणून पूज्य आहेत, आणि ते योग्यच आहे. पण पळून आलेल्या कुटुंबाला ज्यांनी घरात घेतले, त्यांची आठवण कोणत्या सदरात घालायची? त्यांना फितूर म्हणावे की अतिथिधर्म पाळणारे? नर्मदेच्या दक्षिणेस भीमा नायक आणि खाज्या नायक यांच्याबरोबर भिल्ल लढले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे त्यांच्यावर चालून गेलेल्या फौजेत खानदेश भिल्ल कोअरचे भिल्लही होते. म्हणजे एकाच समाजाच्या एका घराची आठवण नायकाच्या बाजूची आणि दुसऱ्याची कोअरच्या वर्दीची असू शकते. पहिली आज अभिमानाने सांगितली जाते. दुसरी सांगायला कोण धजेल?

आणि विचारणारा धर्मगुरू असेल तर अडचण दुप्पट होते. या मुलखात मिशने आली ती इंग्रजी अमल बसल्यावर. त्यामुळे पाद्री साहेबाच्या बाजूचा, असे कित्येकांच्या मनात असते. कोणी त्याला आवडेल तेच सांगेल, कोणी मुद्दाम उलट सांगेल. चित्रणाच्या वेळी शक्य तर प्रश्न विचारणारा घरातलाच, त्याच भाषेचा असावा. धर्मगुरूने बाजूला बसावे. याहून महत्त्वाचे असे की, पापनिवेदनात ऐकलेले काही असो, त्याची सावलीसुद्धा प्रश्नात पडता कामा नये. कॅमेऱ्यापुढील बोलणे हे जगासमोरचे बोलणे आहे, हे बोलणाऱ्याला आधी समजावून सांगावे, आणि नंतर तयार झालेले चित्रण त्याला दाखवावे. कोणाचे बोलणे शेवटी ठेवले आहे याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण संकलनात शेवटी बोलणारा बहुधा जिंकतो.

भाषेचेही तसेच. भिल्ली बोलींतील साक्ष भिल्लीतच टिपावी. मराठी वा हिंदी उपशीर्षके नंतर घालता येतात. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या भागात भिल्ली बोलींचे नमुने आहेत, आणि सर्वेक्षणाचा ठरलेला नमुनापाठ म्हणजे उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५). त्यात एकाच घराच्या दोन आठवणी आहेत. धाकट्याला दूरदेशी आठवते ते चाकरांनाही पोटभर अन्न मिळणारे घर. थोरल्याला आठवते ते राबराब राबवून करडूही न देणारे घर. बाप थोरल्याशी बोलायला बाहेर येतो, पण त्याचे उत्तर काय झाले हे संत लूक सांगत नाहीत.

१८५७ चे साक्षीदार केव्हाच गेले. १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात काय झाले हे आठवणारे, कोणी 'मुक्ती' म्हणणारे तर कोणी 'आक्रमण' म्हणणारे, आता बहुधा ऐंशीच्या आसपासचे आहेत. १९७१ च्या युद्धात वीस वर्षांचा असलेला शिपाई सत्तरी ओलांडून गेला आहे. आमच्या धर्मग्रामांत असे लोक आहेत. त्यांच्या साक्षी टिपताना वय, गाव, तो स्वतः कोठे होता आणि काय केवळ ऐकले होते, याची नोंद वहीत वेगळी करावी. कोणी काही भाग आपल्या हयातीत दाखवू नये म्हटले तर तेही तेथेच लिहून त्याची सही अगर अंगठा घ्यावा, आणि चित्रणाची एक प्रत धर्मग्रामाच्या दप्तरात बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी ठेवावी.